केओ फाइल कुणाच्या लॅपटॉपवर आहे?

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या सरांनी नव्या मुलांच्या एका बॅचला एम्बेडेड लिनक्स शिकवलं. मीही जाऊन बसलो, अगदी मागच्या बाकावर. सरांचा तास म्हणजे मेजवानी असते. बूटलोडरपासून निघाले, डिव्हाइस ट्रीवरून रमतगमत ड्रायव्हरपर्यंत आले, आणि शेवटच्या दहा मिनिटांत एका मुलीनं विचारलं, “सर, कर्नल मॉड्यूल योक्टोमध्ये बिल्ड कसं करायचं?”

सर हसले. म्हणाले, “अगं, एका फाइलसाठी योक्टोच्या नादी कशाला लागतेस? लॅपटॉपवर मेक मार, केओ फाइल बोर्डवर कॉपी कर, इन्समॉड मार. पाच मिनिटांचं काम. रेसिपी-बिसिपी लिहिणं हे ज्यांना वेळ जात नाही त्यांचे उद्योग.”

वर्ग हसला. सवयीनं मीही हसलो. परतताना पुण्याच्या चांदणी चौकाच्या कोंडीत अडकलो तेव्हा डोक्यात आलं, की आता पंचवीस-तीस मुलं हे वाक्य घेऊन नोकरीला लागणार आणि त्यांनी कॉपी केलेल्या फाइली तीन वर्षांनी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी गळ्यात येणार. म्हणून हे लिहितोय. ऑसिलोस्कोपचा प्रोब धरायला मला सरांनीच शिकवलं, तेव्हा त्यांच्याशी वाद घालायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी सरांचं म्हणणं नीट मांडतो, माझ्या सोयीचं करून नाही. मॉड्यूल म्हणजे काही किलोबाइटांची एक फाइल, तीच केओ. ती बनवायला कर्नलचा सोर्स आणि क्रॉस-कंपायलर लागतो, आणि दोन्ही लॅपटॉपवर असतात. उलट योक्टो म्हणजे अख्खी लिनक्स इमेज बनवणारी बिल्ड सिस्टम; तिचं पहिलं बिल्ड तासन्‌तास चालतं, डिस्कवर कित्येक जीबी खातं, आणि मध्येच एखादी रेसिपी, म्हणजे एखादं पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल, आडवी पडली तर लाल अक्षरांतला जो मजकूर येतो तो वाचून माणसाला आपण शेती करायला हवी होती असं वाटतं. एका फाइलसाठी हे सगळं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. वरवर पाहता यात खोटं काहीच नाही.

खोट आहे ती ‘एक फाइल’ या शब्दांत. सरांच्या मनात मॉड्यूल म्हणजे एक छोटा प्रोग्राम आहे. प्रोग्रामच्या बाबतीत ही पद्धत खरोखर चालते. वापरकर्त्याचा प्रोग्राम कर्नलशी सिस्टम कॉलमधून बोलतो, आणि तो करार लिनस टॉरवाल्ड्स डोळ्यांत तेल घालून जपत आला आहे. कर्नल बदलला म्हणून चालता प्रोग्राम मोडता कामा नये, यावरून त्यानं भल्याभल्या मेंटेनरांची भर सभेत खरडपट्टी काढली आहे. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्टॅटिक लिंक करून ठेवलेला प्रोग्राम आजच्या कर्नलवर बहुतेक वेळा मुकाट चालतो. सरांचा हात या सवयीवर बसलेला आहे.

मॉड्यूल मात्र वेलांटीसारखं असतं. अक्षर असेल तर वेलांटीला उच्चार आहे, नुसती कागदावर काढली तर ती एक रेघ. केओ फाइल लोड झाली की ती कर्नलच्या पोटात जाते. त्याचीच मेमरी, त्याचीच फंक्शनं आणि त्याचीच स्ट्रक्चरं थेट हाताळते. मध्ये कुठलाही करार नाही. आणि हा करार नाही हे कर्नलवाल्यांनी लपवलेलंही नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी याच विषयावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या सोर्सबरोबरच मिळतं, आणि स्थिर अंतर्गत इंटरफेसची मागणी म्हणजे मूर्खपणा, असं ते फाइलच्या नावातच सांगून टाकतं. (घरी आई पाहुण्यांना सांगते, ‘आमचा हा कर्नलचं काहीतरी काम करतो.’ पाहुण्यांना वाटतं मी लष्करात आहे. मी दुरुस्त करत नाही.)

स्थिर इंटरफेस नाही, याचा रोजचा अर्थ काय? टायमर लावायचं जुनं फंक्शन ४.१५ मध्ये गेलं. यूजर मेमरीचा पत्ता तपासणाऱ्या फंक्शनचा एक पॅरामीटर ५.० मध्ये उडाला. प्रोक फाइलसाठी द्यायचं स्ट्रक्चर ५.६ मध्ये वेगळं झालं. आयटूसी ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन ६.१ पासून काही परत करेनासं झालं. डिव्हाइस क्लास बनवणाऱ्या फंक्शनचा पहिला पॅरामीटर ६.४ मध्ये गेला. मेन कर्नलच्या सोर्सच्या झाडात असलेले ड्रायव्हर हे बदल करणाऱ्यानंच दुरुस्त केले. झाडाबाहेरचे, म्हणजे चिपवाल्यानं झिप करून दिलेले आणि आपण लिहिलेले, त्यांचे त्यांनी पाहायचे.

इथपर्यंत सर म्हणतील, “मग काय झालं? कंपाइल होताना एरर येईल, दुरुस्त करू.” हो, हे बदल सज्जन आहेत. दारातच ओरडतात. मला भीती आहे ती न ओरडणाऱ्यांची.

प्रत्येक केओ फाइलमध्ये व्हरमॅजिक नावाची एक ओळ कोरलेली असते: कर्नलची आवृत्ती, एसएमपी आहे की नाही, प्रीएम्प्शन कसं आहे, प्रोसेसरचं कूळ कोणतं. लोड करताना कर्नल ही ओळ स्वतःच्या ओळीशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहतो आणि जुळली नाही तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून बाहेरचा रस्ता दाखवतो. लॅपटॉपवर मेक मारणाऱ्या प्रत्येकानं हा मेसेज पाहिलेला आहे. बरेचदा फरक असतो आवृत्तीच्या शेवटी चिकटलेल्या एका अधिकच्या चिन्हाचा. कर्नलचा सोर्स गिटमध्ये असेल आणि आपण नेमक्या टॅगवर नसलो, की बिल्ड करणारी स्क्रिप्ट आवृत्तीपुढे ते चिन्ह ठेवते: बाबांनो, हा सोर्स मूळ नाही, यात काहीतरी भर आहे. किती सभ्यपणे दिलेली सूचना! आणि आपण काय करतो? हेडर फाइल उघडतो, ते चिन्ह हातानं पुसतो नाहीतर घालतो, आणि परत मेक मारतो. सरांनीही त्या दिवशी हाच ‘उपाय’ सांगितला. दुसऱ्याच्या आधार कार्डावर आपला फोटो चिकटवण्याचा हा प्रकार आहे. दारावरचा वॉचमन आत सोडेल, पण आत गेल्यावर तुम्ही तो माणूस होत नाही.

आत काय होतं ते एका उदाहरणानं सांगतो. कर्नलमध्ये स्पिनलॉक नावाचं एक छोटं कुलूप शेकडो स्ट्रक्चरांच्या पोटात बसवलेलं आहे. ३२ बिटांच्या एआरएमवर, एकापेक्षा जास्त कोअर असतील तर, हे कुलूप साधारण ४ बाइटांचं असतं. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये स्पिनलॉकच्या डीबगिंगचा पर्याय चालू केला की त्यात आणखी तीन रकाने येतात आणि तेच कुलूप १६ बाइटांचं होतं. आता समजा बोर्डवरचा कर्नल हा पर्याय बंद ठेवून बनला आहे, आणि तुमच्या लॅपटॉपवरच्या सोर्समध्ये गेल्या आठवड्यात कुणीतरी तो चालू करून ठेवला आहे. आवृत्ती तीच, एसएमपी तेच, प्रीएम्प्शन तेच. व्हरमॅजिकमध्ये या पर्यायाची नोंदच नसते, त्यामुळे ओळी तंतोतंत जुळतात. मॉड्यूल लोड होतं. आणि ज्या ज्या स्ट्रक्चरमध्ये ते कुलूप आहे, त्यातला कुलपाच्या पुढचा प्रत्येक रकाना तुमच्या मॉड्यूलच्या लेखी १२ किंवा अधिक बाइट पुढे सरकलेला. तुम्ही लिहाल बफरची लांबी, ती जाऊन पडेल कुणा दुसऱ्याच्या पॉइंटरवर. बोर्ड लगेच मरेल असंही नाही. तो मंगळवारी दुपारी मरेल, गिऱ्हाइकाकडे, आणि लॉगमध्ये भलत्याच ड्रायव्हरचं नाव येईल.

यावर कर्नलमध्ये उतारा आहे. मॉड्यूल व्हर्जनिंग चालू केलं की बाहेर दिलेल्या प्रत्येक सिम्बॉलसाठी, त्याच्या प्रकाराची सगळी चिरफाड करून, एक सीआरसी काढला जातो आणि मॉड्यूल डॉट सिमव्हर्स नावाच्या फाइलमध्ये लिहिला जातो. स्ट्रक्चर हललं की सीआरसी हलतो आणि कर्नल मॉड्यूल नाकारतो. पण ती फाइल कुठे तयार होते? कर्नल जिथे बिल्ड झाला तिथे, त्याच बिल्डमध्ये. लॅपटॉपवर नुसता सोर्स उतरवून घेतला तर तुमच्याकडे ती नसते. मग मेक कुरकुरतो, आपण वॉर्निंग म्हणून पुढे जातो, आणि बोर्डवर नाही बसलं तर मॉडप्रोबला ‘फोर्स’ सांगतो. म्हणजे धूर आल्यावर वाजणारी घंटा काढून ठेवतो आणि म्हणतो, बघा, आता वाजत नाही.

सर, तुमचा केओ एक फाइल नाही. एक विशिष्ट कर्नल, त्याचं त्या दिवशीचं कॉन्फिग, तो ज्या कंपायलरनं बनला तो कंपायलर आणि त्याच बिल्डमधून निघालेली सिम्बॉलांची यादी, या सगळ्याचा तो एक तुकडा आहे. हे चारही एकत्र, खात्रीनं, एकाच ठिकाणी असतात ते ज्यानं कर्नल बनवला त्या बिल्ड सिस्टमकडे. मग मॉड्यूलही तिनंच बनवावं, इतकंच माझं म्हणणं आहे. बाकीचा लेख त्याचे दाखले.

पहिला दाखला माझाच, आणि लाजेचा. भोसरीतल्या एका कारखान्यातल्या मशीनांवर आम्ही डेटा गोळा करणारे डबे बसवले होते. डब्यात एसपीआयवर एक चिप होती, ती चार जादा सिरियल पोर्ट द्यायची. ड्रायव्हर चिपवाल्यानं झिपमध्ये दिलेला. आमच्यातल्या एका हुशार मुलानं तो लॅपटॉपवर कंपाइल केला, केओ फाइल रूट फाइलसिस्टममध्ये हातानं टाकली आणि बूट स्क्रिप्टमध्ये इन्समॉडची ओळ लिहिली. त्या ओळीच्या वर ‘स्लीप ५’. पाच का? चारला कधीकधी चिप सापडायची नाही, म्हणून पाच. हे असले ‘स्लीप’ आपल्या धंद्यात देवाला नारळ ठेवल्यासारखे ठेवले जातात, आणि पुढे कुणाची काढायची हिंमत होत नाही.

दीड वर्ष सगळं सुरळीत. मग सुरक्षेच्या पॅचसाठी कर्नल ४.१४ वरून ४.१९ वर न्यायचं ठरलं. नवी इमेज योक्टोतून निघाली, टेबलावरच्या बोर्डवर चालली, कारण टेबलावरच्या बोर्डला ती जादा पोर्टांची चिप लावलेलीच नव्हती. अपडेट गेलं. दोन पार्टिशनांची पद्धत होती: नवी इमेज दुसऱ्या पार्टिशनवर लिहायची आणि तिथून बूट करायचं. हातानं टाकलेली फाइल अर्थातच जुन्या पार्टिशनवर राहिली. सकाळच्या शिफ्टला डबे चालू, दिवे हिरवे, आणि एकाही मशीनचा आकडा नाही.

शोधाशोध सुरू झाली. बूट स्क्रिप्ट सापडली, फाइल नाही. तो मुलगा नोकरी सोडून बंगळुरूला गेलेला. त्याचा लॅपटॉप आयटीवाल्यांनी फॉरमॅट करून दुसऱ्याला दिलेला. चिपवाल्याची झिप ईमेलमध्ये मिळाली, पण ती ४.१९ वर कंपाइल होईना, कारण वर म्हटलं तो टायमर. शिवाय मुलानं त्यात स्वतः काही दुरुस्त्या केल्या होत्या, त्या कुठल्या हे आता त्यालाही आठवेना. फोनवर बिचारा इतका ओशाळला, की मीच त्याची समजूत काढली. दोष त्याचा नव्हताच. त्याला ‘पाच मिनिटांचं काम’ असं मीच सांगितलं होतं, आणि मला सरांनी.

हाच ड्रायव्हर रेसिपीत असता तर काय झालं असतं? कर्नल बदलला त्या दुपारी बिल्ड माझ्या टेबलावर मोडलं असतं. मी चडफडलो असतो, तासाभरात टायमरचा पॅच लावला असता, आणि कारखान्यात कुणाला पत्ताही लागला नसता.

ही रेसिपी तरी किती मोठी असते? योक्टोच्या सोबत येणाऱ्या नमुन्याच्या लेयरमध्ये ‘हॅलो’ म्हणणाऱ्या मॉड्यूलची एक रेसिपी आहे. वर्णन, लायसन्स आणि त्याचा चेकसम, सोर्स कुठून घ्यायचा, आणि ‘इनहेरिट मॉड्यूल’. संपलं. मेकफाइलला एवढंच कळावं लागतं की कर्नलच्या सोर्सची वाट एका ठरलेल्या व्हेरिएबलमधून येईल, आणि तिच्यात ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ नावाचं टार्गेट असावं. चिपवाल्यांच्या मेकफाइलींमध्ये बहुधा इथेच घोळ असतो. त्यांनी ‘युनेम’ला विचारून यजमान मशीनच्या कर्नलची वाट थेट लिहून ठेवलेली असते, आणि मग एआरएमच्या बोर्डासाठी निघालेलं बिल्ड उबुंटूच्या हेडर फाइलींमध्ये जाऊन बसतं. तो पॅच एकदा करावा लागतो.

त्या एका ‘इनहेरिट’ शब्दामागे जे घडतं ते सरांनी वर्गात सांगितलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. मॉड्यूलचं बिल्ड कर्नलच्या बिल्डला बांधलं जातं. कर्नलचा सोर्स आणि त्याची बिल्ड डिरेक्टरी एका सामाईक जागी ठेवलेली असते, मॉड्यूल तिथूनच कंपाइल होतं, तोच क्रॉस-कंपायलर वापरून. प्रोग्रामांसाठी लावलेले कंपायलरचे फ्लॅग मुद्दाम काढून टाकले जातात, कारण कर्नलला स्वतःचे फ्लॅग असतात. योक्टोचं बिल्ड चालवणारा बिटबेक प्रत्येक कामाच्या आदानांचा हॅश ठेवतो. त्यामुळे कर्नलच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ जरी बदलली, तरी त्यावर उभी असलेली सगळी मॉड्यूलं शिळी ठरतात आणि परत बनतात. तो स्पिनलॉकचा घोळ इथे होऊच शकत नाही. कुणी आठवण ठेवली म्हणून नव्हे. आठवण ठेवायचं काम माणसाकडे दिलेलंच नाही.

पुढे फाइल नेमक्या आवृत्तीच्या डिरेक्टरीत जाते, तिचं स्वतंत्र पॅकेज बनतं, पॅकेजच्या नावात कर्नलची आवृत्ती येते. इमेज बनताना डेपमॉड चालतो आणि कुठलं मॉड्यूल कुणावर अवलंबून आहे याची यादी लिहून ठेवतो. इन्समॉडला ही यादी माहीत नसते, त्याला हातात दिलेली फाइल तेवढी कळते. मॉडप्रोब यादी वाचतो. ड्रायव्हरनं आपला डिव्हाइस टेबल नीट जाहीर केला असेल, तर डिव्हाइस ट्रीमधलं नाव पाहून युडेव्ह ते मॉड्यूल आपसूक बोलावतो. ‘स्लीप ५’ची गरजच उरत नाही. चिप दिसेल तेव्हा ड्रायव्हर येईल. कुणाला आपसूक नको असेल, बूटच्या वेळीच हवं असेल, तर त्यासाठीही रेसिपीत एका ओळीचं व्हेरिएबल आहे.

इथे सरांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करतो. रेसिपी लिहिली, बिल्ड हिरवं झालं, आणि बोर्डवर मॉड्यूल नाही, असा अनुभव प्रत्येकाला येतो. कारण बनवणं वेगळं आणि इमेजमध्ये घालणं वेगळं, हे योक्टो कुणाला समजावून सांगत नाही. पॅकेजचं नाव इमेजच्या यादीत किंवा मशीनच्या शिफारशींत घालावं लागतं. ते घालताना ‘अपेंड’ वापरलं तर अवतरणाच्या आत सुरुवातीला एक स्पेस सोडावी लागते, नाहीतर तुमचं नाव आधीच्या नावाला जाऊन चिकटतं आणि बिटबेक अशा पॅकेजचा शोध घेतो जे ब्रह्मांडात नाही. त्या एका स्पेसपायी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. बिटबेकचा मी वकील नाही. त्याची भाषा कर्कश आहे, आणि २०२१ मध्ये ओव्हरराइडची खूण बदलल्यापासून जुन्या लेखांतून उतरवलेली निम्मी उदाहरणं चालेनाशी झाली आहेत.

पण माझं भांडण योक्टोसाठी नाही. हवं तर बिल्डरूट ही दुसरी बिल्ड सिस्टम वापरा. तिथेही कर्नल मॉड्यूलसाठी तयार सोय आहे: पॅकेजच्या फाइलमध्ये एक ‘इव्हॅल’ची ओळ, आणि मॉड्यूल त्याच कर्नलसमोर कंपाइल होऊन जागेवर जातं. कर्नल बदलला हे बिल्डरूट आपणहून ओळखत नाही, तिथे शिस्तीनं सगळं पुसून पुन्हा बनवावं लागतं. तरीही सोर्स, पॅच आणि कृती एका जागी, गिटमध्ये, नोंदलेली राहते.

‘रेसिपीनं काम हळू होतं’ हा आक्षेप मला खरा वाटतो, पण तो चुकीच्या जागी लावलेला आहे. ड्रायव्हर लिहीत असताना, दर दहा मिनिटांनी एक प्रिंट बदलत असताना, कुणीही पूर्ण इमेज बनवू नये. मीही केओ फाइल बोर्डवर कॉपी करतोच. फक्त ती लॅपटॉपवर कुठून तरी उतरवलेल्या सोर्समधून येत नाही. योक्टोचं डेव्हटूल वापरलं तर तीच रेसिपी, तोच कर्नल, सोर्स मात्र माझ्या हातात. बिल्ड करून थेट बोर्डवर पाठवता येतं. नाहीतर कर्नलच्या डेव्हलपमेंट सोर्सचं पॅकेज एसडीकेमध्ये घालून घ्या, म्हणजे टीममधल्या योक्टो न येणाऱ्या मुलालाही नेमका तोच कर्नल समोर ठेवून कंपाइल करता येईल. सरांची पाच मिनिटं तिथेही पाचच राहतात. प्रयोगाची फाइल प्रयोगाच्या बोर्डवर मरते आणि गिऱ्हाइकाकडे जाते ती रेसिपीतली. आमच्या भोसरीच्या डब्यात हा उंबरठाच नव्हता.

तासानंतर चहाच्या टपरीवर सरांनी दुसरा पवित्रा घेतला. “मग मॉड्यूल हवंच कशाला? सगळं कर्नलमध्येच बिल्ट-इन करून टाक.” हे जास्त वजनदार आहे. ठरावीक हार्डवेअरच्या डब्यात बूटला लागणारे ड्रायव्हर बिल्ट-इन असावेतच; रूट फाइलसिस्टम ज्या ईएमएमसीवर आहे तिचा ड्रायव्हर त्याच फाइलसिस्टममध्ये मॉड्यूल म्हणून ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करणं. पण वायफायचा ड्रायव्हर बिल्ट-इन करून पाहा. तो फाइलसिस्टम माउंट व्हायच्या आधीच जागा होतो, फर्मवेअर मागतो, आणि फर्मवेअर अजून माउंट न झालेल्या डिस्कवर असतं. मग ते फर्मवेअर कर्नलमध्ये किंवा इनिटरॅमएफएसमध्ये कोंबा. आणि झाडाबाहेरचा ड्रायव्हर कर्नलच्या झाडात चिकटवायचा तर ते चिकटवणंही पॅच म्हणून कर्नलच्या रेसिपीत नोंदवावं लागतंच. सर, रेसिपीतून तुमची सुटका तिथेही नाही, फक्त नोंद दुसऱ्याच्या रेसिपीत होते.

सहीचा मुद्दा तर सरांनी काढलाच नाही. कर्नल ३.७ पासून, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरपासून, मॉड्यूलांवर डिजिटल सही करायची सोय आहे. आपण वेगळी किल्ली दिली नाही, तर कर्नल बिल्ड होताना स्वतःच एक किल्ली बनवतो, तिची सार्वजनिक बाजू स्वतःच्या पोटात ठेवतो आणि खासगी बाजूनं मॉड्यूलांवर सह्या करतो. सहीची सक्ती असेल तर लॅपटॉपवर बनलेला केओ कितीही हुबेहूब असला तरी दारातून परत जातो. सही झाल्यावर कुणी आकार कमी करायला फाइल स्ट्रिप केली तर सहीही उडते. पैसे, वीज किंवा औषध यांच्या जवळ जाणाऱ्या उपकरणांमध्ये ही सक्ती आता नवलाची राहिलेली नाही. तिथे लॅपटॉपवाला रस्ता निव्वळ गचाळ नाही, बंदच आहे.

शेवटी कागदाची बाजू, जी इंजिनिअरांना कंटाळवाणी वाटते. कर्नल जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. त्या लायसन्सच्या तिसऱ्या कलमात ‘संपूर्ण सोर्स’ची व्याख्या करताना कोडबरोबरच ते कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही मोजलेल्या आहेत. म्हणजे जीपीएलचं मॉड्यूल असलेला डबा विकला आणि गिऱ्हाइकानं सोर्स मागितला, तर केओ कसा बनला आणि कसा बसवला हेही द्यावं लागतं. हे नुसतं कागदावर नाही: नेटफिल्टरच्या हॅराल्ड वेल्टे यांनी २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टात सायटकॉम या राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. त्या डब्यांत नेटफिल्टरचा, म्हणजे कर्नलमधलाच, कोड होता. आमच्या भोसरीच्या डब्याचा सोर्स कुणी मागितला असता तर आम्ही काय दिलं असतं? फॉरमॅट झालेला लॅपटॉप?

आणि पुण्यातून युरोपला उपकरणं पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक तारीख. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. दुरुपयोग होत असलेल्या त्रुटी कळवायचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आहे आणि मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून. त्यात उत्पादनात कोणकोणतं सॉफ्टवेअर आहे याची यादी ठेवणं आलं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नल प्रकल्प स्वतःच सुरक्षेच्या त्रुटींना सीव्हीई क्रमांक देतो आणि ते धो धो येतात. कुठला आपल्याला लागू हे ताडून पाहायला काय बनलं त्याची नोंद लागते. योक्टो ही यादी रेसिपींवरून बिल्डबरोबरच काढून देतो. हातानं टाकलेली फाइल त्या यादीत कधीच येणार नाही, कारण ती तिथे आहे हे फक्त टाकणाऱ्याला माहीत.

सरांना हे सगळं परवा फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अरे, पण पहिल्या दिवशी त्या पोरीला मी बिटबेक शिकवला असता तर ती पळून गेली असती.” यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. पळून गेली असती, खरं. म्हणूनच पहिल्या दिवशी तिला इन्समॉड शिकवा, मी स्वतः तसाच शिकलो. फक्त त्याच तासाला व्हरमॅजिकची ती ओळ ‘मॉडइन्फो’नं उघडून दाखवा आणि विचारा, यातला प्रत्येक शब्द कुठून आला? बाकीचं ती स्वतः शोधेल. प्रश्न विचारणारी मुलगी होती ती.

त्या जादा पोर्टांच्या ड्रायव्हरची रेसिपी मी सरांना पुढच्या बॅचसाठी पाठवली आहे. तीन पॅच आणि चौदा ओळी. वाटेल तशी कापा-जोडा, सर. मात्र इमेजच्या फाइलमधल्या ‘अपेंड’मध्ये अवतरणापाठोपाठ एक स्पेस दिसेल, तेवढी नीटनेटकं करायच्या भरात पुसू नका.